अठरा नंबरची टाइल

काटकोन तपासायला गवंडी जी लोखंडी पट्टी वापरतात तिला गुण्या म्हणतात. सगळ्याच गवंड्यांच्या पिशवीत ती असते. या मिस्त्रीच्या मात्र पिशवीत कमी आणि हातात जास्त असायची, म्हणून लोक त्यालाच गुण्या म्हणू लागले. पुढे पुढे बायकोसुद्धा चारचौघांत "अहो गुण्या" म्हणून जायची आणि मग जीभ चावायची.

टाइल बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दवाखान्यांचे लांबच लांब बोळ, हॉटेलांची स्वयंपाकघरं, श्रीमंतांची न्हाणीघरं, सगळीकडे त्याच्या हाताची कामं होती. पण या कसबापायी त्याला कुणाच्या घरी न्यायची सोय उरली नव्हती. चहाचा कप हातात घेऊन तो यजमानाच्या भिंतीकडे टक लावून बघत बसे. "साखर कमी पडली का?" असं बिचाऱ्या यजमानाने विचारलं तर म्हणे, "साखर बरोबर आहे. ती तिसऱ्या ओळीतली टाइल पोकळ आहे, पडेल कधीतरी." आणि ती खरंच पडायची, त्यामुळे लोक आणखीच चिडायचे.

अशा सरळ रेषेत जगणाऱ्या माणसाचा पार गोंधळ उडवला तो एका शाळेच्या भिंतीने. भिंत एक निमित्त. दुसरं निमित्त त्याची स्वतःची मुलगी.

गुण्याला दोन मुली. घरात त्यांना थोरली आणि धाकटी अशाच हाका मारत. थोरली लहानपणापासून काडीपैलवान, धाकटी अंगापिंडाने भरलेली. दोघी बरोबर निघाल्या की दुकानदार, कंडक्टर, शाळेतल्या बाई, सगळे धाकटीलाच मोठी समजायचे. "ही धाकटी, ती थोरली," हे वाक्य गुण्याने आयुष्यात इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतही म्हणाला असता. धाकटी लग्न होऊन सुखात होती. थोरली शिकत राहिली, शिकत राहिली, आणि आता एका शाळेत विज्ञान शिकवत होती. तिच्या पुस्तकांत काय असतं ते गुण्याला कधीच कळलं नव्हतं. एकदा तिने हौसेने समजावून सांगायला घेतलं तेव्हा तो बसल्या बसल्या घोरायला लागला होता. ते तिने हसण्यावारी नेलं, पण त्याच्या मनाला ते लागून राहिलं होतं.

तर या शाळेने प्रयोगशाळेच्या भिंतीवर आवर्तसारणी करून घ्यायची ठरवली. जगातली सगळी मूलद्रव्यं, म्हणजे ज्यांच्यापासून बाकी सगळं बनतं ते मूळ पदार्थ, ओळीने मांडलेला तक्ता. एकेका टाइलवर एकेक मूलद्रव्य. टाइल्स कारखान्यातून छापून येणार होत्या. त्या बसवायला मिस्त्री हवा होता आणि थोरलीने हेडसरांना सांगितलं, माझ्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत.

ओळखीचे एक मिस्त्री. हे तिने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, आणि वर म्हणाली, "बाबा, शाळेत मला मॅडम म्हणा हं. मी तुम्हाला मिस्त्री म्हणेन. उगाच चर्चा नको."

"बरं," गुण्या म्हणाला.

बरं म्हणाला खरा, पण घास तोंडातल्या तोंडात फिरायला लागला. चर्चा कसली? बापाला काम लावून दिलं, ही? का बाप गवंडी आहे, ही? पहिली असेल तर ठीक आहे, पोरगी सावध आहे. दुसरी असेल तर? त्याने नखांत अडकलेल्या सिमेंटकडे बघितलं. विचारावं तर तोंड उघडेना. कारण उत्तर दुसरं निघालं तर ते ऐकून पुन्हा त्याच ताटावर जेवायचं कसं, हे त्याला कळत नव्हतं.

तिने नमुन्याची एक टाइल आणली होती. ताटं बाजूला सारून ती टेबलावर ठेवली आणि बोट ठेवून ठेवून सांगायला लागली. "हे बघा, हा कार्बन. वर कोपऱ्यात सहा लिहिलंय ना, तो अणुअंक. म्हणजे सहावं मूलद्रव्य. मधे मोठं इंग्रजी अक्षर आहे ती त्याची खूण. खाली नाव. आणि तळाला बारा लिहिलंय ते अणुवस्तुमान, तुम्ही वजन समजा. मी मोठ्या कागदावर नुसते रिकामे चौकोन आखून देते, त्यात नंबराने लावत जायचं. खात्री करायची असेल तर वजन बघायचं, तेही वाढतच जातं. दोन्ही आकडे वाढत जातात, त्यामुळे चूक व्हायला जागाच नाही. समजलं ना?"

"न समजायला काय झालं," गुण्या म्हणाला. या वेळी तो झोपला नव्हता, आणि हे तिच्या लक्षात आलं असावं असं त्याला वाटलं.

कामाला सुरुवात झाली तेव्हा अर्ध्याच पेट्या आल्या होत्या, वरच्या ओळींच्या. एरवी टाइल्स खालून वर चढवत नेतात. पण प्रयोगशाळा बघायला पाहुणे दुसऱ्याच दिवशी येणार, हेडसरांचा जीव टांगणीला लागलेला. म्हणून गुण्याने चौथ्या ओळीखाली आडवी लाकडी पट्टी ठोकली, तिच्यावर त्या ओळींचा भार द्यायचा आणि वर जायचं असं ठरवलं. खालचं काम नंतर.

पहिला धक्का त्याला थोरलीच्या कागदाने दिला. हा कसला आकार? पहिल्या ओळीत या टोकाला एक टाइल, त्या टोकाला एक, मधे नुसतं मोकळं रान. पुढच्या दोन ओळींतही मधे खड्डा. कुठे चौथी ओळ तेवढी सलग भरलेली. कामगार अर्धं सोडून पळून गेल्यासारखी भिंत. एवढी जागा मोकळी सोडणाऱ्या माणसाला गुण्याने आपल्या हाताखाली एक दिवस ठेवला नसता. पण मॅडमनी आखून दिलंय म्हटल्यावर बोलायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

टाइल भिंतीला लावण्याआधी जमिनीवर कोरडी मांडून बघायची, हा त्याचा नेम. पेट्या फोडल्या. पांढऱ्या शुभ्र टाइल्स, काळी अक्षरं, माल चांगला होता. पण क्रम म्हणाल तर पत्ते पिसावेत तसा. गुडघे दुमडून तो एकेक टाइल वाचायला बसला. एक, हायड्रोजन, वजन एक. दोन, हेलियम, वजन चार. तीन, लिथियम, वजन सात. वाचताना मजा वाटायला लागली. कोपऱ्यातला आकडा एकेका पायरीने चढत होता, तळाचा उड्या मारत, पण चढत दोन्ही होते. थोरलीने सांगितलं तसंच. ती रोज जे वाचते ते आपण वाचतोय, या विचाराने त्याला आतून गुदगुल्या झाल्या.

मग सोडियम आला. कोपऱ्यात अकरा, वजन तेवीस, आणि मधे अक्षरं एन आणि ए. गुण्याला इंग्रजी अक्षरं लावून लावून वाचता येत होती. सोडियमला एस पाहिजे. एन कुठून आला? त्याने कपाळाला आठ्या घातल्या आणि पुढे गेला. क्लोरीन, सतरा, वजन साडेपस्तीस. टाइलवर साडे? हेही सोडून दिलं. मग अठरा, आर्गॉन, वजन चाळीस. एकोणीस, पोटॅशियम, वजन एकोणचाळीस.

गुण्या थांबला.

चाळीस, मग एकोणचाळीस. उतरला की आकडा. त्याने पुन्हा वाचलं. चष्मा पुसून वाचलं. आकडे होते तिथेच राहिले. थोरली म्हणाली होती दोन्ही वाढतच जातात. म्हणजे या दोन टाइल्सपैकी एकीवर काहीतरी चुकलंय. त्यात पोटॅशियमवर अक्षर काय, तर के. नाव पोटॅशियम आणि खूण के. कारखान्यात ज्याने ही टाइल छापली त्याचं डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं, याबद्दल गुण्याची खात्री पटत चालली.

प्रश्न एवढाच की चूक वरच्या आकड्यात का खालच्या. त्याने दोन्ही टाइल्स दोन तळहातांवर घेऊन तोलून पाहिल्या. सारख्याच भरल्या. चाळीसवाली तसूभरही जड लागेना. मग तो स्वतःशीच शरमला आणि कोणी बघितलं नाही ना म्हणून दाराकडे नजर टाकली.

आता इथे सांगायला हवं की नंबर या गोष्टीवरून गुण्याने फार पूर्वी कानाला खडा लावला होता. एका दवाखान्याच्या कामात पेट्यांवरचे नंबर पॅकिंगवाल्याने अदलाबदल करून चिकटवले होते. गुण्याने डोळे झाकून नंबरावर विश्वास ठेवला आणि अख्खा बोळ दोन रंगांचा झाला. तेव्हापासून त्याचं मत पक्कं. नंबर काय, कोणीही चिकटवतो. वजन तराजूवर करावं लागतं. या सारणीतही वजन कोणीतरी शहाण्या माणसाने नीट काट्यावर करूनच लिहिलं असणार. म्हणजे वजन खरं आणि कोपऱ्यातला नंबर खोटा.

सरळ उपाय मॅडमना विचारणं हा होता. त्या दोन वर्ग पलीकडे शिकवत होत्या, आवाज इथवर येत होता. तो दारापर्यंत गेलाही. पण विचारायचं कसं? "मॅडम, जरा बाहेर येता का?" आपल्याच पोरीला? आणि वर्गातल्या मुलांनी वळून बघितलं, कोण हा धुळीने माखलेला, तर तिच्या तोंडावर काय दिसेल? ते बघायची त्याची तयारी नव्हती. शिवाय "न समजायला काय झालं" असं आपणच ऐटीत म्हणून बसलोय. गुण्या दारातून परत फिरला. त्याने आर्गॉन उचलून पोटॅशियमच्या जागी ठेवला आणि पोटॅशियम आर्गॉनच्या. साडेपस्तीस, एकोणचाळीस, चाळीस. आता कसं ओळीत दिसत होतं. जीव भांड्यात पडला.

पुढे कोबाल्ट एकोणसाठ आणि निकेलही एकोणसाठ निघाले, पण बरोबरी झाली तर भांडण कशाला, म्हणून त्यांना नंबराने बसवून टाकलं.

दातेरी थापीने मसाला पसरून तो कामाला लागला. आधी चौथी ओळ, डाव्या टोकाला आर्गॉनपासून सुरुवात. मग तिसरी, तिच्या उजव्या टोकाला पोटॅशियम. मग दुसरी, मग वरच्या दोन एकट्या टाइल्स. सांध्यात अंतर राखणारे स्पेसर, वरून रबरी हातोड्याची थाप, मग पाणसळ, मग गुण्या. जेवणाच्या सुट्टीआधी वरचा भाग उभा राहिला आणि खड्डे वगळले तर भिंत देखणी दिसत होती.

तेवढ्यात उरलेल्या पेट्या आल्या.

गुण्याने चहाही न घेता त्या फोडून मांडायला घेतल्या. या पेट्यांनी तर डोकंच फिरवलं. सत्तावन्ननंतर कागदावर बाण थेट तळाकडे गेलेला, पुढच्या चौदा टाइल्सची रवानगी तिथल्या वेगळ्या ओळीत आणि वर एकदम बहात्तर, जणू पंगतीत जागा नाही म्हणून ओटीवर वाढलेल्या. काहींचं वजन कंसात. कंसात का? ते वजन आहे का नाही? पण हे सगळं त्याने गिळलं. घशात अडकलं ते पुढचं. बावन्न, टेल्यूरियम, वजन एकशे अठ्ठावीस. त्रेपन्न, आयोडीन, वजन एकशे सत्तावीस.

पुन्हा उतरलं.

आणि तळाच्या ओळीत नव्वद, थोरियम, दोनशे बत्तीस. एक्याण्णव, नाव धड वाचता न येणारं, दोनशे एकतीस.

गुण्याने हातातली टाइल खाली ठेवली. तो बादलीच्या काठावर टेकला. कारखान्यात एकदा चूक होते. त्याच पद्धतीने, त्याच दिशेला, तीनदा होत नाही. तीनदा झाली म्हणजे ती चूक नाही, ते तसंच आहे. पण तसंच असेल तर थोरली कशी म्हणाली, दोन्ही वाढत जातात? थोरली चुकली? ती चुकत नाही. मग आपण ऐकलं चुकीचं? ती वर म्हणाली का खाली? कोपऱ्यातला आकडा का तळाचा? आठवायला गेलं तसतसं जे पक्कं आठवत होतं तेही निसटायला लागलं. एवढंच कळत होतं की भिंतीवर वर दोन टाइल्स बहुधा चुकीच्या जागी आहेत आणि त्यांच्यामागचा मसाला घटकेघटकेने आवळतोय.

चुकलेली भिंत उद्या पाहुण्यांसमोर उभी राहिली तर बोट कुणाकडे दाखवतील? ओळखीच्या मिस्त्रीकडे नाही. ज्या मॅडमची ओळख, त्यांच्याकडे. या विचारासरशी तो उठला आणि हात न पुसताच वर्गाकडे गेला.

"मॅडम," दारातून तो म्हणाला. आवाज नेहमीपेक्षा लहान निघाला. "जरा येता का? एक विचारायचं होतं."

मुलांनी वळून बघितलंच. थोरलीच्या तोंडावर काय उमटलं ते बघायला तो थांबला नाही.

ती आली. भिंत बघून आधी तिचा चेहरा उजळला, मग नजर तिसऱ्या ओळीच्या टोकाला गेली आणि तिथेच थांबली. "हे पोटॅशियम इथे कसं आलं, मिस्त्री?"

गुण्याने सगळं सांगितलं. चाळीस, एकोणचाळीस, दवाखान्याचा बोळ, के, सगळं. हातावर तोललेलंही सांगून टाकलं. "तुम्ही म्हणाला होता मॅडम, दोन्ही आकडे वाढत जातात. आता मला सांगा, यातला खरा कुठला?"

थोरलीने दोन्ही टाइल्सकडे एकदा बघितलं. मग म्हणाली, "दोन्ही खरे आहेत."

"दोन्ही खरे कसे? मग क्रम कुठल्याने?"

"वरच्याने. अणूच्या आत प्रोटॉन नावाचे कण असतात, ते किती आहेत तो वरचा आकडा. तो बदलला तर पदार्थच बदलतो. अठरा म्हणजे आर्गॉनच, एकोणीस म्हणजे पोटॅशियमच. वजन मात्र एकट्या प्रोटॉनचं नसतं. त्यांच्यासोबत न्यूट्रॉन म्हणून दुसरे कण असतात, ते कुणात कमी, कुणात जास्त. आर्गॉनमध्ये ते जास्त आहेत, म्हणून नंबर आधीचा असून तो जड."

"पण तुम्ही म्हणालात वाढतच जातात."

"म्हणाले होते." तिचा आवाज उतरला. "वाढतात. बहुतेक ठिकाणी. सोपं करून सांगायच्या नादात मी तो 'बहुतेक' शब्दच गाळला."

गुण्याला हे झेपेना. त्याच्या धंद्यात 'बहुतेक' नावाची गोष्ट नव्हती. भिंत बहुतेक सरळ असत नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा गोंधळ बघून थोरली जवळ आली आणि हळूच म्हणाली, "आपली धाकटी माझ्यापेक्षा जड आहे ना? म्हणून ती थोरली होते का?"

गुण्या बघतच राहिला. ही धाकटी, ती थोरली. दुकानात, बसमध्ये, शाळेच्या दारात आयुष्यभर लोकांना बजावलं, आणि स्वतः मात्र दोन टाइल्स बघितल्यावर त्या दुकानदारासारखाच फसलो. त्याला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला. पण त्याहून जास्त कानात राहिला तो एक शब्द. आपली धाकटी. शाळेत, उघड्या दाराच्या खोलीत, ती आपली म्हणाली होती. चुकून म्हणाली का मुद्दाम, हे काही त्याला ठरवता येईना.

विचार करायला वेळ नव्हता. त्याने पिशवीतून बारीक पोलादी तार काढली. ओल्या मसाल्यातून टाइल सोडवायची तर तार सांध्यातून मागे घालायची आणि दोन्ही टोकं धरून करवतीसारखी खाली ओढत न्यायची. एकट्याचं काम नाही. "मी धरते," म्हणत थोरलीने बाह्या वर केल्या. "मॅडम, हात खराब होतील," तो म्हणाला, पण तोवर तिने टोक बोटांना गुंडाळलं होतं.

आधी आर्गॉन, कारण तो सगळ्यात आधी बसलेला. मसाला चांगलाच आवळला होता. तार इंच इंच सरकत होती. टाइल सुटायला आली आणि शेवटच्या हिसक्याला वरचा कोपरा शेजारच्या टाइलवर आपटला. टक असा आवाज झाला आणि एक पापुद्रा खाली पडला. नेमका तोच कोपरा. गुण्याच्या हातात आर्गॉन होता, नाव होतं, खूण होती, तळाला चाळीस होते, आणि जिथे अठरा होते तिथे तांबडी माती दिसत होती.

इतक्या वर्षांत त्याने कधी टाइलचा कोपरा उडवला नव्हता. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

नेमके तेव्हाच हेडसर आले. त्यांनी भिंतीतलं भगदाड बघितलं, हातातली फुटकी टाइल बघितली, मॅडमचे मसाल्याने बरबटलेले हात बघितले. "हे काय चाललंय? उद्या पाहुणे येणार आहेत आणि तुम्ही लावलेलं काढताय? मॅडम, तुमच्या ओळखीचा म्हणून मी या माणसाला घेतला. कुठून शोधून आणलात?"

गुण्या पुढे झाला. सगळं आपल्या अंगावर घ्यायचं आणि निमूट पिशवी उचलायची, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. "साहेब, चूक माझी. मॅडमचा काही संबंध नाही. आमची ओळखही तशी फार..."

"ओळखीचे नाहीत, सर," थोरली मधेच म्हणाली. "माझे वडील आहेत."

हेडसरांनी एकदा तिच्याकडे, एकदा गुण्याकडे बघितलं, आणि त्या दोघांच्या नाकात असलेलं साम्य त्यांना आताच दिसलं असावं.

"आणि चूक त्यांची नाही," ती पुढे म्हणाली. "मीच त्यांना अर्धवट शिकवलं. त्यांनी माझ्या शिकवण्याप्रमाणे अगदी बरोबर लावलं, म्हणून चुकलं. वर्गातही मी तसंच शिकवत आलेय. तेही आता दुरुस्त करावं लागेल."

"मग आधी सांगायचं नाही का?" हेडसर म्हणाले. त्यांचा राग कुठे ठेवावा हे त्यांनाही सुचत नव्हतं. "उद्यापर्यंत होईल ना?" एवढं विचारून, आणि उत्तराची वाट न बघता, ते निघून गेले.

दोघं तार घेऊन उजव्या टोकाला आले. पोटॅशियम नंतर बसवलेलं, मसाला अजून नरम होता. गुण्याने तार मागे घातली. आता हिला काय म्हणायचं, हा नवा गोंधळ. मॅडम म्हणायचं तर ते आता खोटं, आणि दुसरं काही तोंडातून निघेना.

तार ओढता ओढता थोरली भिंतीकडे बघत म्हणाली, "बाबा, मॅडम म्हणा म्हणाले ते तुम्हाला लागलं ना?"

गुण्याने तार आणखी थोडी खाली ओढली.

"चर्चेचीच भीती होती. लोक म्हणाले असते, बापाला चिकटवलं." ती थांबली. "पण खरं सांगू? थोडी लाजही वाटली होती. तुम्ही नमुन्याची टाइल बघत होता तेव्हा वाटलं, हे तिथे काही भलतंच बोलले तर. त्या विचाराचीच मला आता जास्त लाज वाटते."

म्हणजे उत्तर पहिलं नव्हतं आणि दुसरंही नव्हतं. दोन्ही होती. दोन्ही खरी. ज्या उत्तराला तो इतका घाबरला होता ते समोर येऊन उभं राहिलं, आणि नवल म्हणजे ते ऐकूनही तो जागच्या जागी उभा होता. दुखलं, नाही असं नाही. पण पोरीने अर्धवट सांगितलं नव्हतं, 'बहुतेक' गाळलं नव्हतं, आणि त्याने त्याला बरं वाटलं.

"तार घट्ट धर, थोरले," तो म्हणाला. "ढिली सोडलीस की कोपरा जातो."

पोटॅशियम अख्खं सुटून त्याच्या तळहातावर आलं. मागचा मसाला खरवडून त्याने ते डावीकडे नेऊन बसवलं, चौथ्या ओळीच्या तोंडाशी. मग फुटका आर्गॉन घेऊन तिसऱ्या ओळीच्या टोकाला गेला आणि तिथे घुटमळला. "हा असाच लावू? नंबराशिवाय? पोरांना कसं कळणार हा कितवा?"

"सतराच्या पुढचा आणि एकोणिसाच्या आधीचा," थोरली म्हणाली. "मोजतील की. लावा."

त्याने लावला. हातोडीची थाप दिली, पाणसळ धरली, गुण्या टेकवला. तीन कोपरे काटकोनात होते. चौथा नव्हताच, तर त्याला काय विचारणार.

थोरली हात धुवायला नळाकडे गेली आणि शिपाई ट्रे घेऊन आत आला. हेडसरांनी पाठवला होता. भिंतीसमोर गुडघ्यावर बसलेल्या मिस्त्रीला वळसा घालून त्याने इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडमच्या वडलांचा चहा कुठे ठेवू?"

मॅडमचे वडील आले की काय, म्हणून गुण्यानेही मागे वळून दाराकडे बघितलं.